गोठ्यामागची माती

३ जून
आजपासून रोजनिशी. माणसाने निदान स्वतःशी तरी खरं बोलावं, एवढाच हेतू.

दादाने तंबाखूच्या शेताचं शास्त्राचं खातं माझ्याकडे सोपवलंय. खत कोणतं, किती, कधी, हे यंदापासून मी सांगायचं. आजवर तो अंदाजानेच घालत आला. त्याचं पान व्यापारी सगळ्यांच्या आधी उचलतो हे खरं, पण अंदाज तो अंदाजच. मी दोन दिवसांचा कोर्स केलाय. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर निघालो, पण तोवर मुद्दा लक्षात आला होता.

५ जून
सुरुवात माती परीक्षणापासून. शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी खणायचं, सगळी माती एकत्र कालवायची, त्यातली पिशवीभर लॅबला द्यायची. उद्या पहाटे.

६ जून
पहाट हुकली.

७ जून, दुपार
ऊन मरणाचं. वरच्या कोपऱ्यात कुदळ घातली, हाताला झिणझिण्या आल्या. गोठ्यामागे मात्र सावली, माती लोण्यासारखी. तिथेच एका जागी खणून पिशवी भरली. शेजारी शेणखताचा ढीग आहे, पण मी ढिगाकडे पाठ करून खणलं. शेवटी शेत एकच, माती एकच.

वहिनीने विचारलं, इतक्यात झालं? म्हटलं, हात बसलाय. दादाने स्वतः थंड पाणी आणून दिलं. म्हणाला, उन्हात उगाच हाल झाले तुझे. मी पिशवीचं तोंड घट्ट बांधून टाकलं.

२१ जून
रिपोर्ट आला. नत्र भरपूर, पालाश भरपूर, सगळंच भरपूर. पाठोपाठ लॅबच्या मॅडमचा फोन. नमुना नक्की कुठला? मी म्हटलं, शेतातलाच. गोठा शेतातच आहे, तेव्हा हे खोटं नाही. त्या म्हणाल्या, खात्रीसाठी पुन्हा एक पाठवा. तंबाखूचं गणित नाजूक असतं. नत्र कमी पडलं तर पान भरत नाही, जास्त झालं तर पिकत नाही. पाठवतो म्हटलं.

२२ जून
दादाने वहिनीला रिपोर्ट दोनदा वाचून दाखवला. म्हणाला, आपली माती एवढी गुणी आणि आपण वर्षानुवर्षं उगाच खत ओतत आलो. आज खरं सांगणारच होतो. पण माणूस इतका खूश असताना विरजण घालणं बरं नव्हे.

दुसरा नमुना सोमवारी. दहा ठिकाणचा. पंधरा.

८ जुलै
दोन सोमवार होऊन गेले. आज दादाने खताची पोती दुकानात परत केली. मी पोती उचलू लागलो. निदान तेवढं तरी केलं. दुकानदार म्हणाला, बिनखताचा तंबाखू पहिल्यांदाच ऐकतोय. दादा अभिमानाने म्हणाला, आमच्याकडे शास्त्र आहे, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांदा अजून जड आहे.

१२ ऑगस्ट
लागवड झाली. रोपं तरतरीत. माझा जीव भांड्यात पडला. कोण जाणे, माती खरंच गुणी असेल.

१४ सप्टेंबर
खालची पानं पिवळी पडताहेत.

१५ सप्टेंबर
जास्तच पिवळी. दादाने विचारलं, शास्त्र काय म्हणतं? मी म्हटलं, थांबा म्हणतं. तो थांबला. तेच जास्त लागलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

गोठ्यामागे तंबाखूचं एक रोप आपोआप उगवलंय. माझ्या छातीपर्यंत आलंय, पानं सुपाएवढी. शेतातली रोपं गुडघ्याला. उपटून टाकलं. कोणी पाहिलं नाही.

२ ऑक्टोबर
वहिनीचं म्हणणं, लॅबच्या मॅडमना बोलवू या. मी घाईघाईने विषय तोडला. म्हटलं, त्या फार बिझी असतात. दादा रोज तासन्‌तास शेतात उभा असतो. जेवण कमी झालंय. उद्या सांगतो. सकाळी चहाच्या आधी, म्हणजे चहा गोड लागेल.

३ ऑक्टोबर
चहा झाला. सांगणं राहिलं. त्यापेक्षा चूक परस्पर निस्तरणं अधिक मर्दपणाचं.

६ ऑक्टोबर
दादा दाढ काढायला गेला होता. संधी साधली. दोन पोती युरिया, म्हणजे नुसतं नत्र, गुपचूप आणून शेतात फेकला. लागणार होतं एकच. दुसरं माझ्या मनाच्या समाधानासाठी. वर पाणी सोडलं. आज शांत झोप लागेल.

२५ ऑक्टोबर
चमत्कार. शेत हिरवंगार, पानं जाड, रुंद. दादाचा गाल अजून सुजलेला, तरी हसत होता. म्हणाला, मातीने उशिरा का होईना, गुण दाखवला. तू थांब म्हणालास ते बरोबर होतं. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

२० नोव्हेंबर
पान पिकायची वेळ उलटून गेली. शेत हिरवंच. मॅडम फोनवर काय म्हणाल्या होत्या ते आठवतंय, पण आठवू नये असं वाटतंय.

६ डिसेंबर
आणखी थांबता येईना, तोडणी केली. वाळवायच्या भट्टीत पानं टांगली. दादा भट्टीपाशीच बसून असतो. सोनेरी रंगाची वाट बघतोय. मी जेवणाचा डबा नेऊन देतो, लगेच परततो. तिथे बसवत नाही.

१३ डिसेंबर
भट्टी उघडली. पानं निम्मी हिरवी, निम्मी काळी.

१६ डिसेंबर
व्यापारी आला. एक पान हातात घेतलं, परत ठेवलं. दादाकडे न बघता म्हणाला, यंदा तुमच्या हाताला झालंय काय? आणि पुढच्या शेताकडे गेला. दादा दारात उभाच. आता सांगितलंच पाहिजे. आज संध्याकाळी, वहिनीसमोर, गोठ्यापासून युरियापर्यंत सगळं. शब्दसुद्धा पाठ केलेत.

१६ डिसेंबर, संध्याकाळ
समोर बसलो. दादाच आधी बोलला. म्हणाला, रिपोर्ट खोटा असायचा नाही, सल्ला तुझा होता, म्हणजे चुकलं ते माझ्या हातून. वय झालं, आता हाताचा भरवसा नाही. पुढच्या वर्षीपासून शेत तू बघ, मी बांधावर बसेन. वहिनी डोळ्यांना पदर लावून आत गेली.

मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. बाहेर पडलं ते एवढंच, की दादा, तू काळजी करू नकोस.

तो म्हणाला, तू आहेस म्हटल्यावर कसली काळजी.