मुरसिकची शेड विकू नये म्हणून

मी, सालिना जेबिवोट, वय एकतीस, अविवाहित, राहणार इटेन, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. स्वस्थ बसले असता नाडी मिनिटाला चव्वेचाळीस पडते, म्हणजे देहाचीही तक्रार नाही. कोणाचा धाक नाही. धंद्यात पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येकीने मृत्युपत्र करावे, असा आमच्या सहा जणींच्या मंडळाचा नियम आहे. उद्या आमची मुरसिकची, म्हणजे भोपळ्याच्या तुंब्यात आंबवलेल्या दुधाची, शेड परवान्यानिशी उघडते. आनंदाच्या भरात घाईने लिहीत आहे. अक्षर वाकडे आल्यास त्यावरून कोणी शंका घेऊ नये.

१. पाव एकर जागा व तीवरील शेड. ही जागा मी पळून मिळवली. मोठ्या शर्यतीत तीस किलोमीटरपर्यंत पुढे राहून इतरांना वेग ठरवून द्यायचा आणि मग बाजूला व्हायचे, हे माझे काम. दहा वर्षांत शेवटची रेषा मी एकदाही ओलांडली नाही. या धंद्यात मात्र मला बाजूला व्हायचे नाही, मेल्यावरसुद्धा. अविवाहित बहिणीची जमीन भावाची, असे आमच्याकडे गृहीतच धरतात. माझे थोरले बंधू बार्नाबा यांना तेथे परदेशी धावपटूंसाठी भाड्याच्या खोल्या बांधायच्या आहेत.

"अगं, आंबवलेलं दूध घरोघरी असतं. विकत कोण घेणार?" ते म्हणाले.

"दादा, पळणारेही घरोघरी आहेत. तरी मला पैसे मिळालेच ना?"

सबब जागा व शेड माझी भागीदार इमेल्डा तालाम व मंडळातील इतर चौघी यांना समाईक मिळावी. ती कोणीही विकू नये.

२. शंभर तुंबे व नोंदवही, शेडबरोबरच. वहीचे कारण सांगणे भाग आहे. गेल्या मार्चमध्ये गावची एक मुलगी शर्यत जिंकून परतणार होती आणि रिवाजाप्रमाणे स्वागताला तिला पाजायचे मुरसिक आमच्याकडून जाणार होते. मोठ्या शर्यतीआधीचा आठवडा हलका ठेवावा, हे आमच्या अंगात मुरलेले. आम्ही तुंबे भरले, बुचे घट्ट ठोकली आणि आठवडाभर पाय वर करून चहा प्यायलो.

"पाय काय ताजे वाटतायत गं!" इमेल्डा म्हणाली.

दुधाने विश्रांती घेतली नव्हती. स्वागताच्या दिवशी पहिलेच बूच उडाले आणि प्रमुख पाहुण्यांचा कोट पांढरा झाला. विजेतीच्या आईने विचारले, "काय गं पोरींनो, हे प्यायचं की यानं अंघोळ करायची?"

वाईट शर्यतीनंतर जातो तसेच दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही कामावर हजर होतो. धावण्याची ठेवतो तशी प्रत्येक तुंब्याची नोंद ठेवली: किती तास, किती ऊब, तुंब्याला आतून चोळायला किती कोळसा. चाळीस वेळा चुकलो. एकेचाळिसाव्या वेळी इमेल्डाने घोट घेतला आणि मला उचलून फिरवले.

३. माझी पुस्तके शाळेच्या ग्रंथालयास. त्यांतील दोन मुळात त्यांचीच आहेत, क्षमस्व. घड्याळ प्रशिक्षक एझ्रा यांस. "तुला जिंकायची भूकच नाही," असे ते म्हणत. त्यांनी उद्या यावे, प्यायला देईन.

४. बार्नाबा यांस काहीही दिलेले नाही, आणि हे विस्मरणाने झालेले नाही. लहानपणी मी शाळेकडे पळत सुटायची तेव्हा माझे दप्तर त्यांनीच वाहिले. ते मी जाणते. तरीही जागा नाही.

सहीविषयी: ज्यास वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी बजावले होते. ठरलेल्या दुसऱ्या साक्षीदार आज लांब पल्ल्याच्या धावेला निघून गेल्या आणि दारात बार्नाबा उभे राहिले. त्यांनी हा कागद दोनदा वाचला.

"मला खरंच काही नाही?"

"नाही, दादा."

"एक तुंबासुद्धा?"

"नाही."

ते शेडमध्ये एक फेरी मारून आले.

"मग मला सही करता येईल," ते म्हणाले. "पेन दे."

इटेन, १४ सप्टेंबर २०२४
सही: सालिना जेबिवोट

साक्षीदार:
१. रोझबेला चेप्तू, शिक्षिका
२. बार्नाबा किप्तानुई, भाऊ. सर्व वाचले. मला काही मिळत नाही. मान्य.