चौथा प्रश्न

जळगाव, मंगळवार, संध्याकाळ

थेट मुलाखत झाली. आमदारसाहेब खूश, चॅनेलही खूश. मी घरी आल्यापासून बूटही न काढता बसलोय.

चौथा प्रश्न बायजाअक्काचा होता. शिरपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या पाड्यावर राहते. नाल्यावर पूल नाही, म्हणून तिच्या बाळंतपणात अडलेल्या लेकीने झोळीतच जीव सोडला. "इचारशी ना, भाऊ?" म्हणाली होती. मी शब्द दिला होता.

साहेबांच्या पीएने प्रश्नांचा कागद आधीच मागवला. नेहमीच मागवतात. वाटलं, चौथा खोडतील. कुणीच खोडला नाही! कागद जसाच्या तसा परत आला. आणि कॅमेऱ्यासमोर त्या चौथ्या प्रश्नावर बोट ठेवून मी काय विचारलं? "साहेब, भरीत कुणाच्या हातचं आवडतं?" का? साहेब हसत होते, ते हसू घालवायचं जिवावर आलं. एवढंच? हो, एवढंच.

आत्ता अक्काचा फोन येऊन गेला. सगळा पाडा टीव्हीसमोर बसला होता म्हणे. रागावली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "भाऊ, कार्यक्रम आखो बाकी शे ना? मनी पोरनं येवानं शे ना?" तिच्या पोरीचा प्रश्न अजून यायचाच आहे, असं धरून बसलीय.

मी हो म्हणालो.