न प्यायलेली कॉफी

रास सुवैद, ओमान
४ नोव्हेंबर

चि. थुरय्यास आजीचा सलाम आणि ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यांत आधी कोण टपकलं असेल? शेजारची मौझा! चिनी पाहुणे आमच्याकडे यायचे होते, आणि ही बया हलव्याची थाळी घेऊन त्यांच्याही आधी हजर. मग आले नव्या बंदराचे लिऊसाहेब आणि त्यांचा दुभाषा मा युनुस. पोर चिनी, पण नमाज पढतं, आणि अरबी तुझ्या बापापेक्षा गोड. मला आजी म्हणालं, मी विरघळलेच.

पुढे घोळ झाला बघ. साहेबांनी कॉफी हुंगली आणि तशीच खाली ठेवली. आपल्यात पाहुण्याने कप खाली ठेवला म्हणजे त्याला काही मागायचंय, यजमान हो म्हणेपर्यंत तो पिणार नाही. तुझे आजोबा पडले गावचे शेख. छातीवर हात ठेवून म्हणाले, मागाल ते दिलं! साहेब नुसते हसले. दुसऱ्या दिवशी नकाशा आला. लढाऊ जहाजांच्या धक्क्याचं कुंपण बरोबर आपल्या होड्या ओढतो त्या वाळूवरून. आता सलीमकाकाची होडी काय छपरावर ठेवू? आजोबा म्हणतात, शब्द गेला तो गेला. जेवत नाहीत, दिवसभर किनाऱ्यावर येरझारा घालतात.

असो. तिकडे थंडीत कान झाकून हिंड.

तुझी आजी

यिनचुआन, चीन
१३ नोव्हेंबर

ती. आजीस, सलाम आणि पायांना मिठी.

आजी, तो काही मागत नव्हता गं! इथे सगळे पातळ चहा पितात, आपली कॉफी त्याच्या घशाखाली उतरली नसेल. मीही पहिल्यांदा आपल्या रीतीप्रमाणे पुरे म्हणून कप हलवत राहिले आणि हे लोक ओततच राहिले. त्याच बंदरात नोकरी मिळावी म्हणून मी चिनी शिकतेय, आणि त्याच्यापायीच काकाच्या होडीची जागा जाणार? पुस्तकात डोकं लागत नाही. आजोबा ऐकायचे नाहीत, तूच काहीतरी कर.

माया आहे तशीच ठेव.

थुरय्या

रास सुवैद
२५ नोव्हेंबर

चि. थुरय्यास खूप खूप आशीर्वाद.

केलं! साहेबांनी आम्हाला चहाला बोलावलं होतं. जस्मिनचा चहा, वास असा की मौझा दोन कप ढोसून मोकळी झाली. मी मात्र माझा खाली ठेवला. साहेबांनी विचारलं, आवडला नाही का. मी युनुसला म्हटलं, बाबा, आमची रीत सांग त्यांना. सांगताना पोराचे कान लाल झाले. साहेब आधी हसले, मग आजोबांच्या तोंडाकडे बघून सरळ होऊन बसले. मी म्हटलं, जहाजांना समुद्र घ्या, आमच्या होड्यांपुरती वाळू सोडा.

ते म्हणाले, हे माझ्या एकट्याच्या हातात नाही, मस्कतला आणि बीजिंगला विचारावं लागेल. मग विचारा, म्हटलं, तोवर पिणार नाही. चहा गार झाला, मी तहानलेली घरी आले. पण निघताना वळून पाहिलं, तर साहेब माझ्या कपावर बशी झाकून तो आपल्या टेबलावर नेऊन ठेवत होते.

आजोबांनी आज अर्धी भाकरी खाल्ली. येरझारा चालूच आहेत, आता मीही घालते.

आठवण काढत जा, मीही काढते.

तुझी आजी

ता. क. साहेब उत्तर घेऊन येतो म्हणालेत, गुरुवारी.