खाऱ्या विहिरीची बरणी

लिहून ठेवतो मी, सूर्यभान वल्द नत्थुजी, वय अजमासे एकोणसत्तर वर्षे, धंदा शेती, मराठी चौथी पास, राहणार मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, प्रांत वऱ्हाड. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, परंतु मृत्युपत्रास गुडघ्यांची जरूर नसते. हा लेख मी कोणाच्या दाबाखाली लिहिलेला नसून, पत्नी गोदाबाई नको म्हणत असताना लिहिला आहे.

कलम १. शेत व घर मुलगा शालिकराम यास द्यावे. घरात गोदाबाईचा शब्द तिच्या हयातीपर्यंत चालेल. तो आजही चालतो; फक्त कागदावर आलेला नव्हता.

कलम २. माझी छत्री थोरले बंधू जानराव यांच्याकडे आहे. ती मागू नये. तिच्या काड्या मोडक्या आहेत, हे त्यांना पावसात कळलेच असेल.

कलम ३. ओट्यावरील काचेची बरणी. वडिलांच्या पश्चात वाटणीच्या चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्या जानरावांनी दुमडल्या. गोडी विहीर त्यांना निघाली, खारी मला. पंचांदेखत ते बोलले, "सुर्या, तुह्या पान्यात बेडूक बी जगनार नाही." मी म्हणालो, "दादा, जगवून दाखवतो." तेव्हापासून आमचे बोलणे नाही. खाऱ्या विहिरीच्या पाण्याने भरलेली ही बरणी मी मुद्दाम रस्त्याच्या बाजूस ठेवली आहे. शेतात जाताना ते मान दुसरीकडे फिरवतात.

एवढ्याशा बरणीत राहणारे निवडून घ्यावे लागतात. खेकडा घेऊ नये. मी घेतला होता. सकाळी बरणीत खेकडा एकटाच होता. मरळीचे पिल्लू घेऊ नये. ते वाढते, आणि त्याची भूक त्याहून जलद वाढते. जावई पंजाबराव यांनी अमरावतीहून शोभेचा लाल मासा आणला, तो खाऱ्यात संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. जावयाची वस्तू म्हणून मी रीतसर शोक केला. योग्य प्राणी असे: हिवताप खात्याने डासांच्या अळ्या खाण्यास डबक्यात सोडलेले बोटाच्या पेराएवढे मासे, चार, झिंगे, दोन, आणि टोकदार शंखाची गोगलगाय, एक, जी काच साफ ठेवते. अधिक लोभ धरू नये. नवा प्राणी एकदम खाऱ्यात टाकू नये. नव्या सुनेस सासरची सवय लावतात तसे रोज थोडे थोडे खारे पाणी वाढवावे.

कलम ४. उन्हाने पाणी उडते, मीठ उडत नाही. कमी झाले म्हणून मी खारेच घालत गेलो, तेव्हा पहिले सर्व प्राणी मेले. भर गोड्या पाण्याचीच लागते. ते आमच्या बाजूस भर उन्हाळ्यात फक्त जानरावांच्या विहिरीस असते. आजवर मैनावहिनी परसदाराने तांब्याभर देत आल्या. गोदाबाई म्हणते, "खाऱ्या पान्यातले मासे, अन् मिजास गोड्या पान्याची! अगदी तुमच्यावानी." हे केवळ नोंदीकरिता लिहिले.

बरणी सून सत्यवती हिला द्यावी, कारण ती काचेवर टिचक्या मारीत नाही. परंतु वहिनी आता थकल्या. परसदार बंद झाल्यास एका उन्हाळ्यात बरणी आटोपेल आणि जानराव खरे ठरतील. सबब पाणी पुढल्या दाराने, जानरावांच्या संमतीने मिळावे. मी मागत नाही. गरज नमूद करतो.

कलम ५. जानरावांना काहीही ठेवलेले नाही. ज्यास मिळते त्याने साक्ष घालू नये असे ऐकतो, आणि मला त्यांची साक्ष पाहिजे. त्यांनी प्रथम बरणीत पाहावे, दिसेल ते स्वहस्ते लिहावे, मग सही करावी.

मुक्काम मूर्तिजापूर, तारीख १४ माहे एप्रिल, सन १९३८.
सही: सूर्यभान वल्द नत्थुजी, दस्तुर खुद्द.

समक्ष हजर साक्षीदार:

१. पंजाबराव, जावई. लाल माशाबद्दल हरकत नोंदवून सही.

२. जानराव वल्द नत्थुजी, थोरला भाऊ, दस्तुर खुद्द. पाह्यलं. चार मासे, दोन झिंगे, गोगलगाय पाठमोरी. सारे जिते हायेत. तांब्याचं मले पयलेपासून मालूम होतं. मैनाले रोज भरून मीच देत होतो. मंग जगवले कोनं, तेवढं कागदात दुरुस्त कर, सुर्या. उद्या तांब्या घेऊन पुढल्या दारानं येतो. छत्री आनत नाही.