बीड ते दिल्ली, सरळ रेघेत

१२ एप्रिल, मंगळ.
रेणूला सातवा सरत आला. आठव्यात पोरीला गाव बदलू देत नाहीत आमच्यात. म्हणजे महिना संपायच्या आत दिल्लीहून आणायला पायजे. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यात बोलायचं काय? यांच्या मागं रोज भुणभुण. पण हे दूध सोसायटीचे चेअरमन, त्यात दुष्काळ, सोसायटीची चारा छावणी यांच्याच गळ्यात. गावच्या गायी पोटभर खातायत, घरची लेक राहिली.

१४, गुरु.
आज स्वारी मोबाईल नाचवत आली. "अगं, बीड ते दिल्ली इमानानं दोन तास बी न्हाई! हितं लिव्हलंय." बघितलं तर खरंच अंतर, वेळ, मधी सरळ रेघ. लगेच जावयांना फोन. "रेणूला बीडलाच उतरवा, मी जीप घिऊन उभा ऱ्हातो." मी म्हणलं, अहो, बीडला धड रेल्वे न्हाई आन् इमान कुठनं? "लिव्हलंय म्हंजी असंल." कपाळ माझं!

१७, रवि.
विमान औरंगाबादला उतरतं. जावयांनीच हळू सांगितलं. तिथून बीड, मग पाटोदा, मग आमचं गाव. विमानाच्या दुप्पट वेळ जीपमधी, तोही उखडलेल्या रस्त्यानं. यांनी तवर छावणीभर सांगून ठेवलेलं. आता जो तो विचारतो, "चेअरमन, इमान कवा उतरायचं?" राग सगळा माझ्यावर. ताटावरून उठून गेले.

२०, बुध.
टँकर आजबी आला न्हाई. शेजारून दोन घागरी आणल्या. त्यातच रेणूचा फोन. डॉक्टरीण म्हणाली, विमान चालंल, खड्ड्यांचा रस्ता नको. मग हळूच, "आई, पाणी हाय का गं? बाळंतिणीला रोज न्हायला लागतं." हाय की, म्हणलं. फोन ठेवल्यावर रिकामा रांजण बघून लई रडले.

२३, शनि.
रेणूनंच तुकडा पाडला. "मी येत न्हाई. तूच ये हिकडं." यांना सांगितलं तर भडकले. "लोक म्हणतील, चेअरमनला पोरीचं बाळंतपण झेपंना."
"न्हाईच झेपत आपल्याला. कशाला लपवायचं?"
असं यांच्या तोंडावर मी कधी बोलले नव्हते. बोलले.

२६, मंगळ.
जावयांनी माझं तिकीट काढलं, उद्या संध्याकाळचं. पिशवीत डिंक, खारीक, बाळंतशेपा, जुन्या लुगड्याची दुपटी. मी औरंगाबादसुद्धा एकटीनं पाहिलं न्हाई. यांना म्हणलं, विमानापर्यंत सोडता का? जेवले आन् जीपची चावी उशाखाली घेऊन आडवे झाले. सोडायला का अडवायला, देवाला ठाऊक. मी काय विचारत बसत न्हाई आता. फाट्यावरून पहिली एसटी सकाळी असती.