सातव्या गाण्यातला विकास

पुणे, १४ ऑगस्ट १९९८

ती. निताबाईस,
धाकट्या विकासचा नमस्कार. वि. वि. सोबत आमच्या बँडची पहिली कॅसेट पाठवतो आहे. ओमप्रकाश दाजींच्या जीपमध्ये टेप आहे, त्यावर लाव. नऊ गाणी आहेत आणि नऊही वेगवेगळ्या घरची वाटतील. आम्ही चौघं. एकाला धिंगाणा हवा, एकाला संथ, आणि गाणारा परदेशी बँडसारखा गळा काढतो. इथल्या एका पेपरनं लिहिलं, या पोरांना अजून स्वतःचा आवाज सापडलेला नाही. वाईट वाटलं, कारण ते खरं आहे. तू ऐक आणि मनातलं लिही. याडी तुझ्याकडं रमली का? कुठल्याही आईसारखी ती लेकीच्या घरी राहायला अवघडते.
आहे तो लोभ वाढता ठेव.
विकास

गोरेगाव (हिंगोली), २ सप्टेंबर १९९८

चि. विकासला ताईचे पोटभर आशीर्वाद.
आमी खुशाल. याडी रमली, पण तांड्यावरच्या शेळ्यांची रोज चौकशी करते. जीप सेनगावला निघायच्या आधी शिटं भरेस्तोवर उभी असते, तेवढ्यात मी ऐकून घेते. पहिल्या गाण्यात तो पोरगा काहून एवढा वरडतो? त्याला काही तकलीफ हाय का? तिसरं चांगलं चालू होतं तर मधीच नाचाचं झालं. पाचवं दोनदा संपतं. राग मानू नको.
पण विकास, तू काही सापडला न्हाईस. शेजारच्या मास्तरीणबाईला मी कौतुकानं सांगितलं, यात माझा भाऊ हाय. तिनं विचारलं, कोणता? मला सांगताच आलं न्हाई. तुझे दाजी दिवसभर रस्त्यावर, मी घरात. वाटलं होतं, तुझी कॅसेट आली की घरात तू आल्यासारखं होईल.
उत्तराला उशीर लावू नको.
तुझी निताबाई

पुणे, २० सप्टेंबर १९९८

ती. निताबाईस नमस्कार.
तुझं पत्र चारदा वाचलं. इथं कुणी विचारलंच नाही की यातला तू कोणता. मी जाड तारांची गिटार वाजवतो. तिचा आवाज खाली असतो, जमिनीसारखा. सातवं गाणं लाव. शेवटी बाकीचे थांबतात आणि दहा-बारा ठोके मी एकटाच वाजवतो. ती चूक आहे. थांबायची खूण माझ्या ध्यानात आली नाही. सगळे हसले, आणि पुन्हा वाजवायला वेळ नव्हता, म्हणून तसंच राहिलं.
आता ते तिघं मुंबईला गेले. माझं वाजवायचं काम तिथं एक यंत्र करणार आहे. खोली चौघांची होती, आता मी एकटाच आहे. एका वाद्यांच्या दुकानात काम धरलंय. हे याडीला सांगू नको.
माया असू दे.
विकास

गोरेगाव, ११ ऑक्टोबर १९९८

चि. विकासला आशीर्वाद.
तू सापडलास. ते शेवटचे ठोके मी तीनदा ऐकले. बाकी सगळी कॅसेट कोणाचीतरी नक्कल वाटते, तेवढा तुकडा मात्र तुमचा हाय. तुमी तिथून सुरू करायचं होतं.
काल याडी जीपमधी येऊन बसली, तिलाबी ऐकवलं. मी तिला काहीच सांगितलं न्हवतं. बाकीचे थांबले तशी तिनं मान वर केली. म्हणाली, "हे कोण वाजवतंय?"
मी म्हटलं, आपला विकास.
"मग बाकीचे कुठं गेले?"
मी म्हटलं, गाणंच तसं हाय. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आन् उतरून घरात गेली. मागून जाऊन बघते तर लुगडी गाठोड्यात बांधून राहिली होती.
पुढल्या सोमवारी तुझे दाजी तिला हिंगोलीहून पुण्याच्या एसटीत बसवून देतील. मंगळवारी सकाळी स्टँडवर उभा राहा. तिला वाचता येत न्हाई, कोणाला विचारायलाबी ती भिते, तवा उशीर करू नको. ज्वारीचं पीठ संगं देते.
आता जीप सुटली की दारात मी एकलीच ऱ्हाईन. तरी तिला लवकर माघारी धाडू नको.
तुझी निताबाई