होडी उलटली नव्हती

५ जानेवारी, रविवार
चर्चमधून आले तर लेक रूथ पुण्याहून आलेली. होडीला गिऱ्हाईक आणलंय तिनं. मी म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत थांब.
अरुण गेल्यापासून होडी इथं केडगावच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून आहे. रूथ म्हणते, बाबांना जिनं बुडवलं तिला दारात कशी ठेवतेस? सगळे तेच म्हणतात. वारा आला, होडी उलटली, अ. बुडाला. पोलिसांनीही तेच लिहिलं. मीही वर्षभर तेच सांगत आले.
दुपारी बादली भरताना पाणी डुचमळलं आणि हात तसाच थांबला माझा. असं आता रोज होतं.

११ जानेवारी, शनिवार
धरणावर गेले, एकटी, राहुरीच्या एस.टी.नं. पोपटभाऊंना भेटले. मुळेच्या बॅकवॉटरला मासे धरतात ते, होडी त्यांनाच सापडली होती. तेव्हा मी काही विचारण्याच्या अवस्थेत नव्हते.
त्यांनी चहा केला. मग म्हणाले, "ताई, हुडी सरळ हुती. पलीकडच्या काठाला लागलेली. आत थेंब न्हाई पान्याचा. चपला हुत्या, जाकीट हुतं."
लाइफ जॅकेट कसं होतं, विचारलं.
"घडी घालून ठेवल्यालं."
परत येताना एस.टी.त खिडकीपाशी बसले. नगर कधी आलं कळलंच नाही.

१९ जानेवारी, रविवार
सॅमसनभावजींना फोन केला. अ. चा धाकटा भाऊ. दोघंही नौदलात होते, दोघांनाही शिडाचं वेड. म्हटलं, मला ती होडी चालवायला शिकवा. मग म्हणाले, वहिनी, तुम्हाला पोहता येतं का? येतं, म्हटलं. प्रवरेकाठचं माहेर आहे.
पोपटभाऊंचं सांगितलं नाही. जॅकेटचं तर नाहीच.

१ फेब्रु., शनिवार
पहिला दिवस. टेम्पोनं होडी धरणावर नेली. भावजींनी डोलकाठी उभी केली, शीड चढवलं. पांढऱ्या कापडाला अ. नं स्वतः घातलेली टीप. दुखऱ्या दातासारखी, बघू नये म्हटलं तरी नजर तिथंच.
बसल्याबरोबर होडी एका अंगाला कलली. मी ओरडले. भावजी म्हणाले ही अशीच, जरा हाललं की कलते. पण जितकी कलेल तितकी पुढं कलायला जास्त अडते. सपाट बुडाची होडी बसल्यावर स्थिर वाटते, आणि उलटते तेव्हा सांगून उलटत नाही.
म्हणजे जी भीती घालते ती...
लाटा छोट्या पण बुडावर थापा मारतात. कंबर मोडली. अ. इथं तासन्‌तास कसा बसायचा?

८ फेब्रु., शनिवार
आज थोडं जमलं. वारा भरला की होडी कलते, आपण उलट्या बाजूच्या काठावर बसायचं, पट्ट्यात पाय अडकवून मागं झुकायचं. आपल्या वजनानं ती सरळ होते आणि एकदम सुटते. कललेली होडी पळत नाही, नुसती आडवी सरकते. सरळ झाली तेव्हा सुकाणूचा दांडा हातात हलका झाला. क्षणभर आनंद झाला मला. मग लाज वाटली. मग वाटलं, हाच आनंद होता तर त्याचा.
वर्षभरात पहिल्यांदा त्याचा राग आला नाही.

१५ फेब्रु., शनिवार
मीच म्हटलं, उलटवून दाखवा. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात. भावजी होडीच्या कडेवर उभे राहिले तरी पटकन उलटेना. शेवटी शीड पाण्यात आपटलं. बुडाखालच्या फळीवर लटकून त्यांनी ती परत उभी केली. अर्धी भरलेली. डबे आणि बादलीनं उपसता उपसता दोघं दमलो.
उपसताना मी थांबले. भावजीही थांबले.
म्हटलं, त्या दिवशी आत थेंब नव्हता.
ते म्हणाले, "ठाऊक आहे मला. पोपट बोलला होता." तोंड माझ्याकडे नव्हतं.
म्हणजे होडी उलटली नव्हती. मी महिनाभर, भावजी वर्षभर, एकमेकांपासून हेच लपवत होतो.

१६ फेब्रु., रविवार
चर्चला गेले नाही.
अ. चा उजवा हात थरथरायला लागला होता. शेवटी कप धरवत नव्हता. डॉक्टर म्हणाले हे वाढत जाणार. घरी येताना गाडीत एक शब्द बोलला नाही, नंतरही नाही. होडीवर मात्र जातच राहिला.
जॅकेट तो कायम घालायचा. त्या दिवशी काढलं, उकडत असेल. मार्च होता.
उकडत असेलच.

२२ फेब्रु., शनिवार
भावजी आज आपणहून बोलले. टेकडीच्या आडोशाला वारा एकदम पडतो. आपण बाहेर झुकलेलो असतो, शीड रिकामं होतं, होडी आपल्याच अंगावर कलते. पाठ पाण्यात. हातात जोर असेल तर ओढून घेता येतं.
नसेल तर?
ते शिडाची दोरी गुंडाळायला लागले. मग म्हणाले, वहिनी, असंच झालं असेल.
असंच झालं असेल. घरी आल्यावर दहा वेळा मोठ्यानं म्हटलं.

२ मार्च, रविवार
रूथला सगळं सांगितलं. जॅकेटचंही. ती रडली नाही. म्हणाली, आई, कळून काय होणार? मी म्हटलं, कळायचं नसतं तर तोच वारा रोज कानात का येतो माझ्या?
गिऱ्हाइकाला कळवते म्हणाली. काय कळवणार, विचारलं नाही.

८ मार्च, शनिवार
आज होडीत एकटीच गेले. जॅकेट घालून. भावजी काठावर.
टेकडीपाशी वारा पडला, अगदी ते म्हणाले तसा. होडी अंगावर आली, केस पाण्याला लागले. पाय पट्ट्यात होते, शिडाची दोरी घट्ट धरली, आत आले. खूप धापा टाकल्या. इथंच असेल ती जागा, किंवा नसेलही. पाणी सगळीकडे सारखंच.
मग वारा परत आला. मनात आलं ते केलं. दोरी सोडली, दांडाही सोडला. हात मांडीवर ठेवले. माणूस नसलं तर ही काय करते, बघायचं होतं.
ती आपोआप वळली. वाऱ्याकडे तोंड केलं आणि थांबली. शीड फडफडत राहिलं. कुणी तरी चढायचं बाकी असल्यासारखी.
काठावर आल्यावर भावजींना सांगितलं. म्हणाले, थांबते, पण वारा तिला हळूहळू मागं नेतच असतो. पोहणारा माणूस पुरा पडत नाही कधी कधी.
कधी कधी.
त्या दिवशी ती किती वेळ थांबली असेल? आणि तो तिच्याकडे पोहत होता का?
होडी आज घरी आणली नाही. पोपटभाऊंच्या झोपडीपाशी, पाण्यातच बांधून आले.